घंटा वसईची, देऊळ कुणाचे?

आम्हां नागपूरकरांना वसई हे नाव ठाऊक आहे ते एका तहामुळे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईस तह केला आणि त्या एका सहीने सगळ्या मराठी दौलतीला दोरखंड बसला. पुढच्याच वर्षी त्याची झळ थेट आमच्या दारापर्यंत आली. अडगावास पराभव झाला, देवगावास तह झाला, आणि रघूजीराजे भोसल्यांच्या हातून कटक गेले व वर्धा नदीच्या पलीकडचा वऱ्हाड गेला. शाळेत इतिहास शिकवताना हा भाग आला की मुले माना खाली घालतात. वसई म्हणजे अपशकुन, अशी एक समजूत या भागात मुरून राहिली आहे.

पण त्याच वसईचे दुसरेही एक देणे महाराष्ट्रात आहे. ते कागदावर नाही, काशाच्या धातूत आहे. आणि ते अजून वाजते. नाशकास गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळाच्या तटावर एक प्रचंड घंटा आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर दुसरी आहे. भीमाशंकरास एक आहे, पुण्यात ओंकारेश्वरास एक आहे. हजारो भाविक यांच्याखालून जातात, हात पोचला तर टोला देतात, आणि दर्शनाला पुढे सरकतात. थांबून वर पाहणारा विरळा. जो पाहतो त्याला घंटेच्या अंगावर क्रूस दिसतो, कोठे रोमन अक्षरे दिसतात, मेणवलीस तर तान्ह्या येशूला घेतलेली मेरी दिसते. महादेवाच्या दारात ही मंडळी आली कशी, हा या लेखाचा विषय. आणि त्याचे उत्तर शोधायचे तर किल्ल्यात जाऊन भागत नाही. वसईच्या एखाद्या खेड्यातल्या जुन्या ख्रिस्ती देवळात जावे लागते.

‘देवळात’ असे मी मुद्दाम लिहिले. आपण ‘चर्च’ म्हणतो. वसईच्या खेड्यांतला जुना ख्रिस्ती माणूस त्याला ‘देऊळ’च म्हणत आला. आमच्या नागपुरातली प्रार्थनामंदिरे वेगळी. ती बहुतेक इंग्रजी छावणीच्या आणि मिशनऱ्यांच्या मागोमाग आली. स्टीफन हिस्लॉप नागपुरास आले ते १८४५ साली. वसईची देवळे त्याआधी पावणेतीनशे वर्षे उभी होती. सांडोरचे सेंट थॉमसचे देऊळ १५६६ चे, नंदाखालचे पवित्र आत्म्याचे १५७३ चे. म्हणजे शिवाजीमहाराजांच्या जन्माच्याही अर्धशतक आधी त्या खेड्यांत ख्रिस्ताची वेदी होती. त्या वेदीपुढे गुडघे टेकणारी माणसे कोठून परदेशातून आलेली नव्हती. ती तिथलीच सामवेदी, वाडवळ, कोळी कुटुंबे होती. केळीची बाग, पानवेल, भात आणि मासळी हाच त्यांचा संसार, आणि बोली मराठीचीच.

ही माणसे ख्रिस्ती झाली कशी, ही हकीकत सगळीच गोड नाही. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या पदरात घातली. त्यांनी समुद्रालगत दगडी तट बांधला, आत वाडे उठवले, फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या पंथांच्या साधूंनी आपापले मठ उभारले. तटाबाहेर गावोगाव पाद्री फिरू लागले. कोणी दुष्काळात पोटासाठी गेला, कोणी पाद्र्याच्या सेवेने भारून गेला, कोणी धाकाने गेला. हिंदूंची देवळे पाडली गेली. उघडपणे लग्नकार्य करणे, सण साजरे करणे अवघड झाले. निर्मळचे विमलेश्वराचे पुरातन देवस्थानही या लाटेतून सुटले नाही. हा राग पिढ्यान्‌पिढ्या साचला आणि अखेर अंजूरचे गंगाजी नाईक, अंताजी रघुनाथ यांसारखी तिथलीच मंडळी पेशव्यांकडे दाद मागू लागली. हे सारे लक्षात ठेवूनच आता देवळात पाऊल टाकू.

अशा देवळाचे सामान पाहिले की आपल्याला फारसे परके वाटत नाही. मांडणीच ओळखीची आहे. पुढे लांबट सभामंडप, शेवटी उंचावर गाभारा. गाभाऱ्यात दगडी किंवा लाकडी वेदी. वेदीच्या मागे भिंतभर कोरीव लाकडी मखर. त्यात कोनाडे, कोनाड्यांत संतांच्या मूर्ती, खांबांवर द्राक्षवेली आणि वर सोन्याचा वर्ख. गणपतीच्या मखराला जो शब्द आपण वापरतो तोच इथे चपखल बसतो. वेदीपाशी पवित्र भाकरीची छोटी पेटी असते आणि तिच्याजवळ अखंड जळणारा दिवा. त्याला नंदादीप म्हणण्यावाचून दुसरा शब्दच नाही. दाराशी पवित्र पाण्याचे भांडे असते. आत येणारा त्यात बोट बुडवून कपाळाला लावतो, जसे आपण पाय धुऊन उंबरा ओलांडतो.

दाराजवळच बाप्तिस्म्याचे दगडी कुंड. ते दाराजवळ का, गाभाऱ्याजवळ का नाही? कारण बाप्तिस्मा म्हणजेच प्रवेश. माणूस धर्मात येतो तो या दारातून. मला विचाराल तर साऱ्या सामानात हे कुंड सगळ्यांत बोलके. ज्या घराण्याचा पहिला पुरुष तिथे वाकला, तो स्वखुशीने वाकला की नाइलाजाने, हे दगड सांगत नाही. पण त्याच्या नातवाला आणि पणतवाला त्याच कुंडावर धरले ते त्यांच्या आईबापांनी, आणि ते आनंदाने. जबरदस्तीने लावलेले झाडही तीन पिढ्यांत त्या मातीचे होते, हे इतिहास लिहिणाऱ्याने विसरू नये.

सभामंडपाच्या मध्यावर, भिंतीला चिकटून, चारपाच पायऱ्या चढून जावे असे लाकडी प्रवचनपीठ असते. ते मध्येच का टांगल्यासारखे, असा प्रश्न पडतो. ध्वनिक्षेपक नव्हते, म्हणून. पाद्र्याचा आवाज शेवटच्या म्हातारीपर्यंत पोचला पाहिजे. वर लाकडी छत्र असते तेही शोभेचे नव्हे, आवाज खाली परतवण्यासाठी. दोन्ही भिंतींवर येशूच्या अखेरच्या वाटचालीची चौदा चित्रे. अक्षरशत्रू माणसाला कथा कळावी म्हणून केलेली ही सोय, म्हणजे आपली चित्रकथीच. बाके मात्र मागाहून आली. जुन्या काळी लोक जमिनीवरच बसत, जमिनीवरच गुडघे टेकत. जमिनीखाली मृतांना जागा असे. वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या देवळांत फरशीवर कोरलेली नावे अजून दिसतात. बाहेर अंगणात दगडी क्रूस, आपल्याकडे तुळशीवृंदावन किंवा दीपमाळ असावी तसा.

दगडाचीही एक गंमत आहे. वसईच्या काळ्या दगडाची कीर्ती मोठी. जुन्या गोव्यात बॉम जेझूची जी जगप्रसिद्ध वास्तू आहे, १६०५ साली पूर्ण झालेली, तिच्या दर्शनी भागाचा कोरीव काळा दगड वसईहून गलबतांनी नेला. गोव्याचा जांभा नक्षीला दाद देत नाही. वसईचा काळा दगड देतो. आपल्या पाथरवटांच्या छिन्नीची ही खूण गोव्यात पाहायला जग येते, आणि ती वसईची आहे हे किती जणांना ठाऊक असते कोण जाणे.

आता मनोऱ्यात चढू. इथे घंटा. ख्रिस्ती देवळाची घंटा आणि आपल्या देवळाची घंटा यांत आकाराचा फरक आहेच, पण खरा फरक कामाचा. आपण घंटा वाजवतो ती देवाला कळावे म्हणून, की बाबा, मी आलो. तिथे घंटा वाजते ती माणसांना कळावे म्हणून, की तुम्ही या. म्हणून आपली घंटा हाताशी असते आणि त्यांची मनोऱ्यात. आपली ज्याची त्याने वाजवायची. त्यांची एका नेमलेल्या माणसाने, दोर ओढून, साऱ्या गावासाठी. पहाटे, दुपारी आणि तिन्हीसांजेला तिचे टोले पडत. बागेतला माणूस कुदळ टेकवून डोके उघडे करी. लग्नात ती एका चालीने वाजे, मरणात दुसऱ्या. घड्याळे नव्हती त्या काळी शेताला पाणी सोडण्याची वेळही तिच्यावरून कळे. वर्षातून एकदाच ती मुकी होई. पवित्र गुरुवारपासून ते पुनरुत्थानाच्या रात्रीपर्यंत घंटेला हात लावायचा नाही. तेवढ्यापुरता लाकडी खटखटा वाजवायचा.

घंटा ओतणे ही सोपी कारागिरी नव्हे. दर पाच भागांत सुमारे चार भाग तांबे आणि एक भाग कथील. कथील थोडे कमी पडले तर आवाज बसतो, थोडे जास्त झाले तर घंटा काचेसारखी तडकते. मातीचा साचा, त्यात रस, मग सावकाश निवणे. ओठाची जाडी जिथे लोळा आदळतो तिथे सर्वांत जास्त, कारण सूर तिथूनच निघतो. अंगावर क्रूस, संताचे नाव, साल हे सारे साच्यातच उमटवलेले. आणि घंटा तयार झाली की थेट मनोऱ्यात चढवीत नसत. बिशप तिला पवित्र पाण्याने धुई, तेल लावी, संताचे नाव देई. लोक याला घंटेचा बाप्तिस्माच म्हणत. म्हणजे ती निव्वळ वस्तू उरत नसे. गावातली एक व्यक्ती होत असे.

आता साल १७३९. दोन वर्षांपूर्वी, १७३७ त, ठाणे पडले होते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून चिमाजीआप्पांनी वसईचा गळा आवळला. सुरुंग, मोर्चे, तोफा, आणि दोन्हीकडे माणसांचा भयंकर खप. मे महिन्याच्या मध्यावर किल्ल्याने शुभ्र निशाण दाखवले आणि १६ मे रोजी शरणागतीची कलमे ठरली. पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांनिशी, सामानसुमानानिशी जाऊ दिले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. शहरात एक, कसब्यात एक आणि साष्टीत एक अशी तीन देवळे राखण्याचेही कबूल केले. त्या काळच्या युद्धांच्या मानाने हा तह उदार होता. पण बाकीच्या मनोऱ्यांतल्या घंटा उतरल्या.

इथे थोडे जगाकडे पाहावे, म्हणजे आपल्या माणसांनी काय केले आणि काय केले नाही ते नीट दिसेल. घंटेचा धातू आणि तोफेचा धातू सख्खे भाऊ. युरोपात शहर पडले की घंटा तोफखान्याच्या हवाली करण्याची रीत होती. रशियाचा पीटर बादशहा १७०० साली नार्व्हाला हरला आणि त्याने स्वतःच्याच देशातल्या देवळांच्या घंटा वितळवून तोफा ओतल्या. त्याही आधी, ९९७ साली, स्पेनमध्ये अल्‌मन्सूरने सांतियागोच्या देवळाच्या घंटा काढून कोर्दोव्याला नेल्या आणि मशिदीत उलट्या टांगून त्यांचे दिवे केले. सुमारे दोनशे चाळीस वर्षांनी, १२३६ त, कोर्दोवा ख्रिस्ती राजाच्या हाती आले तेव्हा त्या परत गेल्या. म्हणजे घंटेच्या नशिबी दोनच गती: एक तर तिची तोफ व्हायची, नाही तर ती मुकी व्हायची.

मराठ्यांनी दोन्ही केले नाही. तोफांची गरज पेशव्यांना काय कमी होती? तरी सगळ्या घंटा भट्टीत गेल्या नाहीत. हत्तीच्या, बैलांच्या बळावर घाट चढून त्या आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या, घंटा म्हणूनच. जयाची खूण हा हेतू त्यात होताच. तो नाकारण्यात अर्थ नाही. आपली देवळे पाडली त्यांच्या देवळाची घंटा आपल्या देवापुढे वाजते, या विचाराने त्या वेळच्या माणसाची छाती फुगली असेल. पण जयाची खूण म्हणून आणलेल्या वस्तूची विटंबना करणे फार सोपे असते. इथे ती झाली नाही. कानशीने क्रूस घासून टाकायला एक दुपार पुरली असती. ती कानस कोणी चालवली नाही. मेरीचा चेहरा कोणी ठेचला नाही. जिचा आधी बाप्तिस्मा झाला होता तिला मग हळदीकुंकू लागले, इतकेच.

नारोशंकर राजेबहाद्दरांनी गोदातीरी रामेश्वराचे देऊळ बांधले ते १७४७ साली, विजयानंतर आठ वर्षांनी. त्याच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. म्हणजे वसईच्या मनोऱ्यात ती जेमतेम अठरा वर्षे वाजली. नाशकात मात्र तिला पावणेतीनशे वर्षे झाली. गोदावरीच्या पुराचे पाणी कुठवर चढले ते सांगताना नाशिककर तिचेच माप सांगतात. १९६९ च्या महापुरात पाणी घंटेपर्यंत पोचले होते. मेणवलीची घंटा १७०७ ची, पंचधातूची म्हणून प्रसिद्ध, वजन सुमारे साडेसहाशे किलो. कृष्णेच्या घाटावर तिच्यासाठी वेगळे दगडी घर आहे. हा घाट आणि वाडा नाना फडणिसांचा, आणि नानांचा जन्मच मुळी १७४२ चा. म्हणजे ही घंटा जिंकली गेली तेव्हा तिचे पुढचे यजमान जन्मलेही नव्हते. आणि जिंकणारे चिमाजीआप्पा? विजयानंतर दीड वर्षात, १७४० च्या डिसेंबरात, ते गेले. जिंकणारा गेला, हरणारा गेला, बाजीरावाची दौलत गेली, पोर्तुगीजांची गेली; घंटा वाजतेच आहे.

पण लेख इथे संपवला तर तो अर्धाच होईल. कारण आपण घंटेबरोबर घाट चढून आलो आणि मनोरा मागेच राहिला. त्या खेड्यांत काय झाले?

किल्ल्यातले गोरे साधू निघून गेले. मठांची छपरे बसली, चिंचेची आणि वडाची मुळे वेद्यांत शिरली. गावात राहिला तो शेतकरी. काही कुटुंबे पुन्हा हिंदू झाली. बाकीची राहिली. त्यांचा राजा हरला होता, त्यांचा धर्म आता हरलेल्यांचा धर्म होता, पाद्री मिळाला तर गोव्याचा एखादा एतद्देशीय मिळायचा, तोही दहा गावांना एक. मनोऱ्यात घंटा नाही. पवित्र गुरुवारपासून तीन दिवस मुकी राहणारी घंटा आता वर्षानुवर्षे मुकी झाली. अशा वेळी कोणी पहारेकरी नव्हता, धाक नव्हता, उलट सोडून जाण्यातच सोय होती. तरी ती माणसे त्या कुंडाजवळ आपली लेकरे घेऊन येत राहिली. मला वाटते, वसईचा ख्रिस्ती धर्म खरा देशी झाला तो पोर्तुगीजांच्या दोनशे वर्षांत नव्हे, तर मराठ्यांच्या अंमलात. तेव्हा तो कोणाच्या तलवारीवर टेकलेला नव्हता. आणि हेही सांगितले पाहिजे की मराठी अंमलाने त्यांना जगू दिले. १७६० च्या सुमारास आंकतील द्यु पेरों हा फ्रेंच विद्वान साष्टीतून फिरला. ठाण्यात ख्रिस्ती लोकांचा सण हजारोंच्या गर्दीने, मिरवणुकीसह, निर्धास्तपणे साजरा होताना त्याने पाहिला आणि लिहून ठेवला.

हळूहळू छपरे शाकारली गेली, भिंती उभ्या राहिल्या, मनोऱ्यांत नव्या घंटा आल्या. भाताची पहिली कणसे देवळात नेऊन आशीर्वाद घेण्याचा आगेऱ्याचा सण चालूच राहिला. आपले नवान्न आणि त्यांचा आगेरा यांत फरक फक्त नावाचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, लॅटिन मागे पडली. चारशे वर्षे लोकांकडे पाठ करून उभा असलेला पाद्री लोकांकडे तोंड करून मराठीत बोलू लागला. वेदी भिंतीपासून सुटून पुढे आली, ते उंच प्रवचनपीठ बिचारे रिकामे पडले. ज्या मराठीत फादर स्टीफन्सने १६१६ साली ख्रिस्तपुराण छापले, तीच मराठी शेवटी वेदीवर चढली. आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादेस अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच्या अध्यक्षस्थानी फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले. त्यांचा जन्म नंदाखालचा, त्याच १५७३ च्या देवळाच्या गावातला. २०२४ त ते गेले.

दिवाळी सरली की कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची यात्रा सुरू होते. विमलेश्वराचे देऊळ मराठी अमलात पुन्हा उभे राहिले. शंकराचार्यांची समाधी तिथेच, तळे तिथेच, आणि पवित्र क्रूसाचे ख्रिस्ती देऊळही त्याच गावात. यात्रेत सुकेळी विकणारा कोण आणि घेणारा कोण, हे नावावरून ओळखायचे म्हटले तर फसगत होते. ज्या गावाने दोन्ही बाजूंची मोडतोड पाहिली, त्या गावात आज दोन्ही देवळांत दिवा आहे.

एक काळजी मात्र उरते. यातल्या किती घंटांवर काय लिहिले आहे ते आपण नीट उतरवून ठेवले? शेंदराचे आणि तैलरंगाचे थर चढतात, साल बुजते, लोळा हरवतो, एखादी तडकली की मोडीत निघते. खेड्यातल्या जुन्या ख्रिस्ती देवळाचेही तेच. पैसा आला की जुने मखर काढून सिमेंटची भिंत येते. वाचकहो, या दिवाळीच्या सुटीत नाशकास, वाईस, भीमाशंकरास जाणे झाले तर घंटा जरूर वाजवा, पण त्याआधी मुलांना उचलून वरची अक्षरे दाखवा. सांगा, की ही एका गावाने आपल्यासाठी ओतली, दुसऱ्या गावाने जिंकून आणली, आणि जिंकूनही तिचे नाव पुसले नाही. मग टोला द्या. देवाला कळेल की तुम्ही आलात. आणि त्या घंटेच्या मूळ सवयीप्रमाणे, माणसांनाही कळेल की या.